पाहुण्याची खुर्ची

अक्कांना एका शब्दाचा भयंकर राग होता. 'अमान्य'. संगणकाच्या पडद्यावर तो लाल अक्षरांत दिसला की अक्कांच्या नाकाचा शेंडाही तसाच लाल व्हायचा. "ज्यानं ह्ये लिहिलं त्याला माझ्यासमोर आणा," म्हणायच्या. लिहिणारा बहुतेक वेळा समोरच मान खाली घालून बसलेला असायचा. "घरी पाव्हणा आला, त्यानं अजून चप्पल काढली न्हाय, आणि तू त्याच्या तोंडावर 'अमान्य' म्हणतोस व्हय रे? म्हणून बघ एकदा. आई लाटणं घिऊन मागं लागंल तुझ्या."

तुम्ही मोबाइलवर एखादा अर्ज भरता. नाव, गाव, जन्मतारीख लिहिता, बोट झिजेपर्यंत बटण दाबता, आणि ते बेणं पुढं सरकत नाही. तुम्ही कुणाला तरी शिव्या घालता. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. काय आत घ्यायचं आणि काय अडवायचं, ते नियम आमच्यासारखी माणसं एसीत बसून लिहितात. सोलापुरात एसी नव्हता, पण अक्का होत्या.

त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, दारात मराठी, शेजारणीशी तेलुगू, आणि चौथी भाषा संगणकाची. एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात त्यांनी नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन सोलापूरच्या पूर्व भागातल्या भावाच्या टॉवेलच्या गोदामावरची खोली झाडून घेतली. संगणकाच्या त्या एका भाषेत काम करणाऱ्या सोलापुरातल्या सगळ्यांनी रविवारी सकाळी तिथं जमायचं, असा हुकूम निघाला. देशभर अशा भाषांचे गट असतात. ते मोठ्या हॉटेलांत जमतात, गळ्यात पट्टे घालतात. आमच्याकडं पट्टा नव्हता. शेंगापोळी होती.

मी मंगळवेढ्याची. कॉलेजसाठी सोलापुरात आले आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत इथंच राहिले. अक्का कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "काय मंगळवेढं, आज उशीर? ज्वारी खुडत होतीस काय?" नितीन म्हणजे 'कुर्डुवाडी', त्याचे वडील रेल्वेत होते. सत्या तेवढा सोलापूरचाच, विणकरांच्या घरातला, म्हणून त्याला 'गाववाले'. आम्ही तिघं नेमानं यायचो. बाकीची पोरं नोकरी लागली की पुण्याला जायची, आणि अक्का त्यांना कागदात बांधून शेंगाचटणी द्यायच्या. परत ये, असं कधी म्हणायच्या नाहीत. "चटणी संपली की कळीव," एवढंच.

अर्जातली माहिती तपासायच्या नियमांचा एक संच आम्ही रविवारी मिळून तयार करत होतो, कुणालाही वापरता येईल असा. त्याला सत्यानं नाव सुचवलं, 'चाळण'. अक्का उखडल्या. "माणसं चाळणीत घालतोस? ती काय ज्वारी हाय?" मग स्वतःच म्हणाल्या, "उंबरा म्हणा. किडामुंगी आत यिऊ ने म्हणून उंबरा असतो. माणसाला त्यो वलांडता आला पायजे, म्हातारीला बी." झालं, नाव ठरलं. 'उंबरा' म्हणूनच तो संच पुढं कुठल्या कुठं गेला.

कुणाला वाटेल बाई मऊ होती. छे! एका नव्या पोरानं अक्कांना खूश करायला सगळे नियमच काढून टाकले होते. त्याच्या अर्जात अडीचशे वर्षांचा माणूस सुखानं आत जात होता. अक्कांनी त्याला असं झाडलं की खालचा हमाल वर डोकावून गेला. "ह्ये पाव्हण्याला या म्हणणं न्हवं. ह्ये दार सताड टाकून गावाला जाणं हाय." चुकीची माहिती आत घेणं हाही त्यांच्या लेखी माणसाचा अपमानच होता. बँकेत कुणाच्या तरी चुकीच्या तारखेपायी एक म्हातारा कसा हेलपाटे घालत राहिला, ते सांगताना त्यांचा आवाज अजून चढायचा.

आता खुर्चीचं सांगते.

सत्यानं एकदा अंगठा लावून हजेरी घेणारं काहीतरी तयार केलं आणि आम्हाला दाखवायला आणलं. पोरगं फार फुशारक्या मारत होतं. अंगठा कधी खोटं बोलत नाही वगैरे. अक्कांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "गाववाले, फुडच्या रविवारी आईला आण." सत्याची आई जन्मभर विड्या वळत आलेली. ती आली, पदर सावरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, आणि तिनं यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र गप्प. तिनं पदराला पुसून पुन्हा ठेवला. दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं. तंबाखू आणि पानं चोळून तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. शेवटी तीच हसून म्हणाली, "ह्या मशिनीला मी दिसतच न्हाय की!" सत्याचं तोंड बघवत नव्हतं. ज्या बोटांनी त्याला शिकवलं, त्याच बोटांना त्याचं यंत्र ओळखत नव्हतं. अक्कांनी त्या माउलीला शेंगापोळीवर तूप वाढलं आणि सत्याच्या लहानपणीच्या गोष्टी काढत बसल्या.

त्या दिवसापासून रीतच पडली. उंबऱ्यात नवा नियम घालायचा असेल तर आणणाऱ्यानं त्या नियमावर अडकेल असा एक जिताजागता माणूस शोधायचा आणि रविवारी त्या खुर्चीवर आणून बसवायचा. त्यानं स्वतः अर्ज भरून बघायचा. तो आत आला तर नियम पास. "अडकणारा कुणी सापडतच न्हाय," असं कुणी म्हटलं की अक्कांचं उत्तर ठरलेलं, "मग तू हुडकला न्हाईस." पाहुणा जिन्यात दिसला की त्या उठून उभ्या राहायच्या आणि त्यांच्या गावाकडच्या कन्नडात म्हणायच्या, "बर्री, कुंदर्री." या, बसा. पाहुणा तेलुगू असो, मुसलमान असो, नातेपुत्याचा धनगर असो, स्वागत तेच. कन्नड न येणाऱ्यालाही ते बरोबर कळायचं.

काय एकेक पाहुणे आले त्या खुर्चीवर! नातेपुत्याकडच्या एका वस्तीवरचे आजोबा आले. घराला क्रमांक नाही, गल्ली नाही, पत्ता म्हणजे 'चिंचेपासून खाली'. एक फुलाबाई आली, तिला आडनावच नव्हतं. नितीननं तोवर आडनावाची चौकट सक्तीची केली होती. त्यानं समजुतीनं विचारलं, "मावशी, कायतरी असंल की." ती म्हणाली, "लावणारं कोण व्हतं, बाबा?" नितीननं तिथल्या तिथं सक्ती काढली.

याच नितीननं एकदा एक पक्का नियम आणला होता. नाव तेच आणि जन्मतारीखही तीच असेल तर दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या समजायच्या. त्यानं तो कुणाच्या तरी शाळेच्या जुन्या यादीवर चालवला तर निम्मा गाव गायब! अक्का हसून हसून टेबलावर पडल्या. "अरं कुर्डुवाडी, मास्तरांनी अख्ख्या गावाला एक जूनला जल्माला घातलंय! आणि एका गावात मारुती किती असतात, ठावं हाय का तुला?" माझे वडीलही एक जूनचेच. सत्याचेही. नितीननं घरी फोन करून विचारलं, तर खुद्द त्याचेही. मग काय विचारता, त्या दिवशी चहा दोनदा झाला.

'अमान्य'च्या जागी काय लिहायचं, हेही अक्कांनीच ठरवलं. उंबऱ्यानं कुणाला थांबवलं तर पडद्यावर येतं, "आम्हाला नीट समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" लाल अक्षरांत नाही, साध्या काळ्या. मी वाद घातला होता, एवढं पाल्हाळ कशाला. अक्का म्हणाल्या, "चूक त्याची का आपली, आपल्याला कुटं ठावं? म्हणून आपणच कमीपणा घ्यायचा. दारात उभा हाय त्यो." मागं लागून लागून त्यांनी आपल्या जुन्या बँकेलाही उंबरा घ्यायला लावला. तिथल्या अर्जांवर ते वाक्य झळकलं त्या दिवशी पेढे वाटले.

हळूहळू दुसऱ्या शहरांतले लोकही उंबरा वापरायला लागले. नितीन तोवर पुण्याला गेला होता आणि आमच्या भाषेच्या देशभरच्या गटात त्याची ऊठबस सुरू झाली होती. त्याचा फोन आला. मोठ्या गटाला उंबरा प्रमाण म्हणून घ्यायचा होता. म्हणजे देशभर त्या भाषेत काम करणाऱ्यानं माहिती तपासायची ती आमच्याच पद्धतीनं. आम्ही नाचायचे तेवढे राहिलो. अक्का गप्प होत्या. अलीकडं तशा त्या कमीच बोलायच्या, बोलल्या तरी शब्द जडसर यायचे. "नवी कवळी हाय, बसंना झालीय," म्हणायच्या. कवळीवरून आम्ही त्यांना चिडवायचो. त्याही चिडवून घ्यायच्या.

पुढच्या रविवारी नितीन पुण्याहून गाडीनं आला आणि त्यानं अटी सांगितल्या. उंबऱ्यात चेहऱ्याच्या तपासणीचा नवा नियम घालायचा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर फोटो धरून कुणी फसवणार नाही. आणि खुर्ची बंद. "अक्का, माणसं आणून बसवायची ही पद्धत मोठ्या पातळीवर चालणार नाही. कोण कुठून पाहुणे आणणार? सगळे हसतात मला." तो चांगल्या मनानंच बोलत होता. सोलापूरच्या गोदामावरची एक गोष्ट देशभर जावी, ही त्याची तळमळ खरी होती.

अक्कांनी विचारलं, "चेहऱ्याच्या नियमाला पाव्हणा आणलास?"

"याला कशाला पाहुणा? डोळे मिचकवायचे, मान वळवायची, हसायचं. जिवंत माणूस आहे त्याला एवढं जमतंच की."

अक्का म्हणाल्या, "फुडच्या रविवारी मी आणते. त्यो पास झाला तर तुज्या अटी मान्य. खुर्ची बी उचला."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे जिन्याकडं डोळे लावून बसलो. नितीन पुन्हा आला होता. लॅपटॉप उघडला, कॅमेरा लागला, पाहुण्याचा पत्ता नाही. तेवढ्यात अक्का आपल्या जागेवरून उठल्या, टेबलाला धरून धरून चालत गेल्या आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"हं. लाव."

आम्हाला वाटलं, थट्टा. नितीन हसला आणि त्यानं पडदा त्यांच्याकडं वळवला. 'डोळे मिचकवा,' पडद्यानं सांगितलं. अक्कांच्या पापण्या अर्ध्यावर जाऊन थांबल्या. 'मान डावीकडे वळवा.' मान जरा हलली आणि खाली झुकली. त्यांनी हनुवटीला हात लावून ती वर केली. 'हसा.' अक्का पडद्याकडं बघत राहिल्या. ओठांची एक कड थरथरली, बस्स. जी बाई हसता हसता टेबलावर पडायची, तिला हसता येत नव्हतं. पडदा थोडा वेळ थांबला आणि मग लाल अक्षरं आली, 'जिवंत व्यक्ती असल्याची पडताळणी अयशस्वी.'

अक्कांनी ते वाचलं. जड जिभेनं, शब्द जुळवत म्हणाल्या, "अजून हाय की रे."

कवळी नव्हतीच कधी. नसांचा आजार होता. स्नायू एकेक करून हात सोडत जातात आणि त्याला औषध नाही, हे पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना केव्हाच सांगितलं होतं. भावाशिवाय कुणाला पत्ता नाही. सत्या लहान पोरासारखा रडायला लागला. नितीन तर त्यांच्या पायाशी खाली बसला आणि म्हणत राहिला, "अक्का, मी काढतो. आत्ताच्या आत्ता काढतो." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हातही नीट ठेवता येत नव्हता, घसरत होता. "नियम काढ. पण नुस्तं तेवढ्यानं भागत न्हाय," त्या म्हणाल्या. "खुर्ची ठीव. मी काय सारखी बसाय येणार न्हाय."

प्रत्येक पाहुण्याला उठून 'बर्री, कुंदर्री' म्हणणाऱ्या बाईला त्या दिवशी ते म्हणायला कुणीच उठलं नव्हतं. मला हे घरी गेल्यावर आठवलं आणि जेवण गेलं नाही.

नितीननं मोठ्या गटाला कळवलं. खुर्चीसकट घ्या, नाहीतर उंबरा सोलापुरातच राहू द्या. कुठल्याही गावात, कुठल्याही खोलीत, पण नवा नियम लावायच्या आधी त्यावर अडकणारा माणूस समोर बसलाच पाहिजे. तिकडं वादावादी झाली, पानंच्या पानं लिहिली गेली. अक्का रोज विचारायच्या, "उत्तर आलं?" आधी तोंडानं, मग पाटीवर लिहून, मग नुसतं डोळ्यांनी. आम्ही पाळीपाळीनं त्यांच्याकडं जायचो. सत्याची आई येऊन त्यांची वेणी घालायची. मी मंगळवेढ्याच्या ज्वारीची आंबील करून चमच्यानं भरवायचे. एक चमचा उतरायला किती वेळ लागायचा! मधेच त्या माझ्याकडं बघायच्या आणि मला कळायचं, त्या विचारतायत. "न्हाय अजून," मी म्हणायचे. त्या डोळे मिटायच्या. खोटं सांगायची इच्छा व्हायची, पण अक्कांसमोर खोटी माहिती कोण आत नेणार?

त्या गेल्या तेव्हा उत्तर आलं नव्हतं.

अक्का लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. गुरुवारी सकाळी गोदामासमोरच्या अंगणात अक्कांना फुलांच्या मखरात बसवलं होतं. कपाळावर विभूती, मान कापडानं सरळ बांधलेली. कित्येक महिन्यांनी त्यांची मान ताठ दिसली. आम्ही तिघं समोर उभे. मग सत्या पुढं झाला, हात जोडले आणि भसाड्या आवाजात म्हणाला, "बर्री अक्का. कुंदर्री." तेव्हा मात्र मला हुंदका आवरला नाही. त्यांचे बंधू, एवढे कडक गृहस्थ, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

उत्तर त्यानंतरच्या आठवड्यात आलं. सगळं मान्य, खुर्चीसकट. नितीननं फोन केला आणि बोललाच नाही. मी इकडून 'हॅलो, हॅलो' करत राहिले आणि मग समजले. आता कुठल्या कुठल्या गावांतून खुर्च्यांचे फोटो येतात. एकीवर एक आंधळे मास्तर बसलेले असतात, दुसरीवर कुणाची तरी आजी. फोटो बघितला की पहिला विचार येतो, अक्कांना दाखवू. मग लक्षात येतं.

परवा अक्कांचे बंधू आले. बँकेत अक्कांचं निवृत्तिवेतनाचं खातं होतं, ते बंद करायचा अर्ज मोबाइलवर भरायचा होता. "मला ह्यातलं कळत न्हाय. तूच भर, बाई," म्हणाले. मी नाव लिहिलं. खाली चौकट होती, मृत्यूचा दिनांक. दिवस लिहिला, महिना लिहिला, आणि डोळे इतके भरून आले की वर्ष भलतंच पडलं, अजून उजाडायचंय ते. मी बटण दाबलं.

अर्ज थांबला. साध्या काळ्या अक्षरांत अक्कांनी मला विचारलं, "आम्हाला नीट समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

मी फोन मांडीवर ठेवला. बंधू म्हणाले, "काय झालं? घेत न्हाय का?"

"घेतंय की," मी म्हटलं. डोळे पुसले आणि पुन्हा सांगितलं.